मुळा-प्रवरा आणि तिची भावंडे : गावच्या वीज संस्थांच्या सेवेचे परीक्षण

ग्रामीण वीज सहकारी संस्था ही सेवा म्हणून कशी आहे, हे पाहायचे तर एकाच सुमारास जन्मलेल्या पाच संस्था शेजारी शेजारी ठेवाव्यात. महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा, कर्नाटकातली हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रातली सिरसिल्ला, गुजरातेतली कोडीनार आणि उत्तर प्रदेशातली लखनौ. २५ जुलै १९६९ रोजी ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना झाली आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या वीज संस्थांचा नमुना पुढे ठेवून या पाच संस्था प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या. कर्ज निगमाचे, सभासद गावोगावचे ग्राहक, आणि वीज राज्य मंडळाकडून घाऊक घेऊन गावात किरकोळ विकायची, अशी रचना होती. आज सिरसिल्ला आणि हुक्केरी चालू आहेत. मुळा-प्रवराचा परवाना ३१ जानेवारी २०११ ला संपला आणि पुरवठा महावितरणकडे गेला. तोवर संस्थेकडची थकबाकी दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेली होती.

मुळा-प्रवराचे क्षेत्र काही कोरडवाहू, गरीब मुलूख नव्हते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर, राहाता, राहुरी आणि संगमनेर-नेवाशाचा काही भाग म्हणजे उसाचा पट्टा. भंडारदऱ्याचे पाणी १९२६ पासून, पुढे मुळा धरण, आणि शेजारी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. सहकार काय असतो हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून ही संस्था का बुडाली याचे उत्तर ‘लोकांना सहकार जमला नाही’ असे देणे आम्हाला पटत नाही. उत्तर तारेत, डीपीत (गावातल्या रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये) आणि मीटरच्या रिकाम्या जागेत शोधावे लागते.

अमेरिकेचा नमुना काय होता ते आधी बघू. १९३५ साली तिथल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. खासगी कंपन्यांना विरळ वस्तीत तार ओढणे परवडत नव्हते. ११ मे १९३५ ला रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळी यंत्रणा नेमली, १९३६ मध्ये कायदा झाला, आणि पाच डॉलर सभासद वर्गणी भरून शेतकऱ्यांनी संस्था काढल्या. त्या टिकण्यामागे दोन गोष्टी होत्या. प्रत्येक सभासदाकडे मीटर होते, आणि वर्षाअखेर उरलेला पैसा सभासदाच्या नावावर भांडवल म्हणून जमा व्हायचा. आपल्याकडे संस्था आली, निवडणूक आली, वार्षिक सभा आली. शेतीपंपाचे मीटर मात्र मागे राहिले, आणि विक्रीचा दर ठरवण्याचे स्वातंत्र्यही.

या दोन उणिवा एकत्र आल्या की काय होते ते हिशेबाने दाखवता येते. संस्थेने उपकेंद्रावर १०० युनिट घेतले. त्यातल्या ७५ युनिटांचे बिल निघाले. बिलाच्या ८० टक्के रक्कम वसूल झाली. म्हणजे हातात पैसे आले ६० युनिटांचे. एकूण तूट ४० टक्के. आता घाऊक खरेदीचा दर वाढला, पण शेतीचा दर सरकारी धोरणाने खालीच बांधलेला राहिला, तर संस्था प्रामाणिक असली तरी दर महिन्याला मंडळाचे बिल अर्धवट भरणार. न भरलेल्यावर व्याज चढणार, व्याजावरून वाद होणार. ऊसपट्ट्यातल्या संस्थेत पंपांचा वाटा मोठा, त्यामुळे हा फास तिथे जास्त लवकर आवळतो.

आता ते बिल न निघालेले २५ युनिट कुठे गेले? सगळे आकडे टाकून (लाइनला वायर अडकवून) चोरले गेले असे समजणारे लोक आहेत. चोरी असतेच, पण बरीच वीज तारेतच संपते. ६३ केव्हीएची एक डीपी घ्या (केव्हीए म्हणजे रोहित्र पेलू शकते त्या भाराचे माप). ५ एचपीची मोटार चालताना साधारण ५.८ केव्हीए आणि फेजमागे ८ अँपिअर ओढते. म्हणजे या डीपीवर एका वेळी दहा, फार तर अकरा मोटारी. त्या दहाही मोटारी ५०० मीटरवर टोकाला असतील आणि लाइन विझल नावाच्या जुन्या बारीक तारेची असेल, तर तारेतून ८० अँपिअर जातात. तारेचा रोध अर्ध्या किलोमीटरला सुमारे ०.४६ ओहम. हिशेब केला तर जवळपास ९ किलोवॅट तारेतच उष्णता होऊन जातात, शंभरातले १६ युनिट. टोकाला ४१५ व्होल्टचे ३५० व्होल्ट उरतात. नियमाप्रमाणे लघुदाबात (डीपीपासून पंपापर्यंतच्या ४१५ व्होल्टच्या लाइनवर) ६ टक्के खाली, म्हणजे ३९० व्होल्टपर्यंतच चालते. ३५० वर मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. शेतकरी मग रिवाइंडिंगचा खर्च भरतो आणि बिल भरायचे टाळतो. वसुली तिथेच मरते.

हीच वीज ११ केव्हीवर (११ हजार व्होल्टवर) त्या टोकापर्यंत नेली तर प्रवाह ३ अँपिअर होतो आणि तारेतले नुकसान काही वॅटवर येते. दोन-तीन पंपांना एक छोटे १६ किंवा २५ केव्हीएचे रोहित्र देण्याची पद्धत याच कारणाने आली. तिचा आणखी फायदा असा की, रोहित्र दोघा-तिघांचेच असल्याने त्यावर चौथा कोणी आकडा टाकू देत नाही. तोटाही सांगायला हवा : प्रत्येक रोहित्र रिकामे असतानाही थोडी वीज खाते, आणि शंभर छोटी रोहित्रे सांभाळायला तितकेच डीओ फ्यूज (रोहित्राच्या ११ केव्ही बाजूचे फ्यूज), तितकीच अर्थिंग (जमिनीशी जोडणी) लागते. जिथे पंप एकमेकांना लागून आहेत तिथे ही पद्धत पैशाची नासाडी ठरते.

कपॅसिटर, म्हणजे मोटारीला लागणारा काही प्रवाह जागेवरच पुरवणारी डबी, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. त्याचे माप केव्हीएआर. ३ एचपीला १ केव्हीएआर, ५ एचपीला २, साडेसातला ३. ५ एचपीच्या मोटारीचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएतला खऱ्या कामाचा हिस्सा) ०.७५ असेल तर २ केव्हीएआर लावल्यावर तो ०.९१ च्या आसपास जातो, प्रवाह १८ टक्के घटतो. नुकसान प्रवाहाच्या वर्गाने घटते, म्हणजे तारेतली गळती जवळजवळ एक तृतीयांश कमी. चूक होते ती जोडणीत. कपॅसिटर मोटारीच्या बाजूला, स्टार्टरच्या पुढे जोडायचा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही सुटतो. मेनवर जोडून ठेवला तर मोटारी बंद असताना व्होल्टेज वर चढते आणि कपॅसिटर फुगतो. मग शेतकरी तो काढून टाकतो आणि कपॅसिटर वाईट असतात असे शेजाऱ्याला सांगतो.

डीपी जळण्याची कारणेही ठरलेली आहेत. पहिले, दहा मोटारींच्या रोहित्रावर सोळा. कागदावर प्रत्येकी ३ एचपी, विहिरीवर ५. एचपीवर ठरावीक दराने बिल असेल तर खरा भार सांगण्याचे कोणाला कारणच उरत नाही. दुसरे, ऑटो स्विच. लाइट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येक मोटार सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते, रोहित्राला तो झटका सहन होत नाही. स्टार्टरमध्ये अर्धा ते तीन मिनिटांचा टायमर वेगवेगळा लावला तर हे टळते. तिसरे, किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खोबणीत) फ्यूज वायरऐवजी लाइनच्या तारेचा तुकडा. ६३ केव्हीएच्या लघुदाब बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह ८४ अँपिअर असतो. फ्यूज त्या हिशेबाने भरला तर वितळतो आणि रोहित्र वाचते. जाड तार भरली की आधी रोहित्र जाते.

तेल आणि न्यूट्रलबद्दल थोडक्यात. ब्रीदरमधले (रोहित्र ज्यातून हवा घेते त्या भांड्यातले) सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, निळ्याचे गुलाबी झाले की ओल आत जाते आहे असे समजावे. चालू रोहित्राच्या तेलाने कसोटीत किमान ३० केव्ही सोसले पाहिजेत. न्यूट्रलची तार तुटली तर एका घरात दिवे मंद आणि शेजारच्या घरात टीव्ही जळालेला, असा प्रकार होतो. तक्रार करताना ‘व्होल्टेज कमीजास्त’ एवढेच न लिहिता ‘न्यूट्रल तपासा’ असे लिहावे, काम लवकर होते.

या कसोटीवर चालू संस्था कशा उतरतात? हुक्केरी बेळगाव जिल्ह्यात, संकेश्वर आणि हिडकल धरणाच्या परिसरात आहे, मराठी वाचकाला अगदी जवळची. कर्नाटकात वीज वितरण करणारी ती एकमेव सहकारी संस्था. तिचे क्षेत्र आटोपशीर आहे आणि तेच तिचे बळ. कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ केव्ही लाइनवर) कोणती डीपी आणि डीपीवर कोण, हे ओळखणारी माणसे तालुक्यातच असतात. सिरसिल्ला आता तेलंगणात आहे. तिथे यंत्रमाग आहेत, म्हणजे दिवसभर चालणारा, मीटर असलेला, बिल देणारा ग्राहक संस्थेच्या हाती आहे. मुळा-प्रवरात तोलायला असा भार पुरेसा नव्हता. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे, त्यामुळे सिरसिल्लाची शेतीची वसुली शेतकऱ्याकडून सरकारकडे सरकली. हे सोयीचे वाटते, पण अनुदानाचा हप्ता लांबला की घाऊक बिल लगेच अडकते. दोन्ही संस्थांचा खरा धोका हाच : विक्री दर त्यांच्या हातात नाही आणि अनुदानाची तारीखही नाही.

महाराष्ट्रातही एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बिल शून्य झाले म्हणून पंपाचे मीटर नको, हा युक्तिवाद आम्हाला घातक वाटतो. मीटर नसेल तर तारेत गेलेली, चोरलेली आणि खरोखर पिकाला दिलेली वीज एकाच ‘शेती’च्या रकान्यात ढकलता येते. मुळा-प्रवराचे ओझे असेच वाढले.

बुडालेली संस्था पुन्हा उभी करता येते का? कायद्याने दार उघडे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५ मध्ये गावात सहकारी संस्थांमार्फत वितरणाचा उल्लेख आहे आणि कलम १३ खाली राज्याचा वीज नियामक आयोग अशा संस्थेला परवान्यातून सूट देऊ शकतो. पण कामाचा क्रम चुकला तर पैसा वाया जातो. सगळ्यात आधी उपकेंद्रातल्या प्रत्येक ११ केव्ही फीडरला चालू मीटर, आणि त्याचे वाचन दर महिन्याच्या एकाच तारखेला. मग गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे. नंतर प्रत्येक डीपीला क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली ग्राहकांची यादी. डीपीला मीटर त्यानंतर. ही यादी नसताना मीटर बसवले तर आकडा येतो, पण कोणाशी ताडायचा ते कळत नाही, आणि सहा महिन्यांत मीटर बंद पडले तरी कोणी विचारत नाही. तारा बदलणे, छोटी रोहित्रे, कपॅसिटर हे सगळे या वाचनानंतर, जिथे तूट सर्वांत जास्त त्या डीपीपासून.

जुन्या थकबाकीचे काय, हा प्रश्न सभांमध्ये पहिला येतो. आमच्या मते तो दुसरा यावा. जुने देणे वेगळ्या खात्यात गोठवून चालू बिल दर महिन्याला पूर्ण भरायला सुरुवात केल्याशिवाय हप्त्यांचा करार टिकत नाही. वीज तोडायची तर कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. ती न देता पूर्ण डीपी उतरवणे चुकीचे, कारण दहापैकी चार जणांनी पैसे भरलेले असतात आणि पुढच्या महिन्यात ते चारही भरायचे थांबतात. मालमत्तेचा प्रश्नही आधीच लिहून घ्यावा. मुळा-प्रवराचा परवाना गेला, पण खांब, तारा आणि डीप्या संस्थेच्या मालकीच्या होत्या, आणि त्यांच्या वापराचे भाडे किती यावरून पुढे आयोगापुढे भांडण झाले.

संस्थेचे सभासद असाल किंवा महावितरणचे ग्राहक, एक वही मागून पाहा : रोहित्र जळाल्याची. त्यात डीपी क्रमांक, जळाल्याची वेळ, बदलल्याची वेळ आणि कारण, असे चार रकाने हवेत. महाराष्ट्रात ग्रामीण भागात जळालेले रोहित्र बदलायला ४८ तासांची मुदत आहे, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातून लगेच दिसते. कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘ओव्हरलोड’ लिहिलेले असेल आणि त्याच डीपीचा क्रमांक वर्षात तिसऱ्यांदा आला असेल, तर वार्षिक सभेत त्या डीपीवरच्या मोटारींची प्रत्यक्ष मोजणी कधी होणार, याची तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.