स्क्रिप्टवर उभ्या भागांची सीएसएस: प्रिंटची युक्ती की स्क्रिप्टमधून लिंक?

वेबपानाच्या मूळ साच्याची सीएसएस (पानाचं दिसणं ठरवणारे नियम) हेडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या सुरुवातीच्या भागात, साध्या लिंकनेच यावी, यावर वाद नाही. प्रश्न कॅरूसेल (सरकत्या स्लाइडची पट्टी), डेट पिकर, नकाशा अशा स्क्रिप्टने उभ्या होणाऱ्या भागांचा. त्यांचीही तिथेच कोंबली तर पहिलं पेंट, म्हणजे पडद्यावर पहिलं काही दिसणं, लांबतं.

एक वाट प्रिंटच्या युक्तीची: लिंकवर मीडिया 'प्रिंट' लिहायचं आणि ऑनलोडमध्ये (फाइल आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ते 'ऑल' करायचं. फाइल कमी प्राधान्याने येते, पान अडत नाही, बिल्डलाही हात लावावा लागत नाही. सीएसपी (पानावर कुठला कोड चालावा हे ठरवणारं सुरक्षा धोरण) कडक असेल तर मात्र नॉन्स (परवानगीचा संकेत) देऊनही तो इनलाइन हँडलर, म्हणजे टॅगमध्येच लिहिलेला ऑनलोडचा कोड, चालत नाही आणि सीएसएस प्रिंटपुरतीच राहते. हँडलर वेगळ्या फाइलीत नेला की हे सुटतं.

न सुटणारी कटकट मोजमापाची. साध्या लिंकखालची स्क्रिप्ट त्या सीएसएससाठी थांबते. इथे ती हमीच जाते. कॅरूसेलची स्क्रिप्ट आधी पोचली, तर ऑफसेटविड्थ (घटकाची रुंदी) वाचताना स्लाइडना त्यांची रुंदी लागलेली नसते. त्या चुकीच्या आकड्यावर ट्रान्सफॉर्म (स्लाइड सरकवणारा नियम) बसतो आणि मागून सीएसएस आली तरी स्लाइड कापलेलीच दिसते. बऱ्याचदा खिडकीचा आकार बदलल्यावरच ती सरळ होते. ऑफिसच्या वायफायवर हे सहसा दिसत नाही. डेव्हटूल्समध्ये कॅशे बंद करून नेटवर्क मंद करा, मग दिसेल. यावर कुणी ३०० मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक थांबा, टाकतात. तो नुसता अंदाज.

दुसरी वाट: स्क्रिप्टनेच लिंक बनवून हेडमध्ये घालायची, तिचा लोड इव्हेंट प्रॉमिसमध्ये (पुढे पूर्ण होणाऱ्या कामाची वाट पाहणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) घ्यायचा आणि 'प्रॉमिस ऑल'ने सीएसएस व डायनॅमिक इम्पोर्ट (गरजेपुरती मागवलेली स्क्रिप्ट) दोन्ही आल्यावरच भाग उभा करायचा. नोस्क्रिप्टची, म्हणजे स्क्रिप्ट बंद असतानाच्या पर्यायी टॅगची, गरज नाही. स्क्रिप्ट नसेल तर तो भागच नसतो. व्हीट या बिल्ड साधनाच्या प्रॉडक्शन बिल्डमध्ये डायनॅमिक इम्पोर्टसाठी हे आपोआप होतं.

याचेही काच आहेत. लिंक उशिरा कळते, म्हणून पहिल्याच पडद्यावरच्या भागासाठी हेडमध्ये प्रीलोड (फाइल आधीच मागवण्याची सूचना) द्यावा, क्रॉसओरिजिन हे अ‍ॅट्रिब्यूट प्रीलोड आणि लिंक दोन्हीकडे सारखं ठेवून. नाहीतर फाइल दोनदा उतरते. शेवटी आलेली लिंक समान स्पेसिफिसिटीत (सिलेक्टरचं वजन सारखं असताना) आधीच्या नियमांवर मात करते, म्हणून त्या लिंकमधले नियम आधीच्या लेयरमध्ये, म्हणजे सीएसएसच्या कमी अग्रक्रमाच्या थरात, ठेवावेत. भाग येईपर्यंत त्याची जागा मिन-हाइटने (किमान उंचीने) राखावी. एरर इव्हेंट विसरलात तर प्रॉमिस कायमचं लटकतं.

जुन्या सीएमएसच्या टेम्प्लेटमध्ये, मोजमाप न करणाऱ्या एखाद्या विजेटसाठी प्रिंटची युक्ती पुरेशी वाटते. स्क्रिप्ट रुंदी-उंची वाचत असेल, तर मी दुसऱ्या वाटेनेच जाईन.