पुढचा पट्टा, मागचा पट्टा

जालन्याहून समृद्धीवर चढलं की पुढचे दोघं निमूट सीट बेल्ट लावतात. नाही लावला तर गाडी टुंगटुंग करून डोकं खाते. त्यावरही तोडगा काढणारे आपल्याकडे आहेतच: पट्टा पाठीमागून घेऊन खटका अडकवायचा. आवाज बंद, उपयोग शून्य.

मागे वेगळंच राज्य. आजी, वहिनी, मांडीवर लेकरू, पायाशी भाकरीचा डबा. खटका नव्या सीट कव्हरखाली गाडलेला, बोटं घालून उकरावा लागतो.

कायदा हा भेद मानत नाही. कलम १९४ ब नुसार विनापट्टा दंड १००० रुपये, मागच्यांनाही. चौदा वर्षांखालचं लेकरू बांधून बसवलं नसेल तरी तेवढाच.

"मागं काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं. १२० च्या वेगातली गाडी आदळून थांबते, मागचा माणूस थांबत नाही. तो पुढच्या सीटवर जाऊन आपटतो आणि पट्टा लावलेल्या पुढच्यालाही चेंगरतो. मांडीवरचं लेकरू तर कुणाच्याच हातात राहत नाही. बरं, वेग हवाच असंही नाही. ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्ली शहरातल्या अपघातात गेले, ते मागच्याच सीटवर होते.

पुढच्यांना निदान एअरबॅग आणि ती कटकटी घंटी असते. म्हणून माझ्या मते आधी लक्ष मागे द्यावं. कव्हर बसवतानाच कारागिराला सांगा, तिन्ही खटके वर काढून दे.