ड्राय प्लेटसाठी काच हवीय? पेठेतल्या फ्रेमवाल्याकडची घ्या

ड्राय प्लेट म्हणजे प्रकाशाला संवेदनशील जिलेटिनचा थर (इमल्शन) दिलेली काच, कॅमेऱ्यात फिल्मऐवजी तीच घालून फोटो काढायचा. दोन वर्षांत चार ठिकाणच्या काचा आणून बघितल्या आणि आता मी पुण्यात पेठेतल्या एका फोटोफ्रेमवाल्या काकांकडेच जाते. २ एमएमची साधी क्लिअर काच, बास, हीच लागते. ३ एमएम माझ्या कॅमेऱ्याच्या प्लेट होल्डरमध्ये जातच नाही आणि ती नॉन-ग्लेअरवाली तर अजिबात नको, तिचा एक पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो.

काकांचा हात बघत बसावा असा. हिऱ्याची एकच रेघ, खालून टिचकी, टक् करून तुकडा वेगळा. ४ बाय ५ इंच सांगू नका, एमएममध्ये सांगा, मी १०१ बाय १२६ सांगते म्हणजे न अडकता बसते. कडा घासायचे वेगळे पैसे घेतात पण ते द्याच. आधी एका दुकानातून तशाच धारदार कडांच्या आणल्या होत्या, बोट तर कापलंच, पण एप्रिलचे दिवस, नळाचं पाणी कोमट, जिलेटिन फुगलं आणि ट्रेमध्ये इमल्शन कडेपासून सायीसारखं सुटून आलं. सहा प्लेटा गेल्या, त्यात एक आजीची होती, अजून वाईट वाटतं. आता कडा घासून घेते, इमल्शन ओतायच्या आधी काचेवर जिलेटिन आणि क्रोम अ‍ॅलमचा (जिलेटिन घट्ट करणारं रसायन) पातळ हात देते, तेव्हापासून एकही सुटलेली नाही.

पावसाळ्यात जपून घ्या. रचून ठेवलेल्या काचांमध्ये ओल शिरली की पांढुरके डाग धरतात, मग खडूची पूड आणि स्पिरिटने कितीही घासा. दुकानातच काचेवर तोंडाची वाफ सोडून बघा, सारखी बसली तर घ्यायची, नकाशासारखे पट्टे उमटले तर परत. काका आता मला द्यायच्या आधी स्वतःच बघून देतात.

आणि हो, टिन साईड. हल्लीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, त्यामुळे एका बाजूला कथलाचा अंश राहतो. अंधारात शॉर्टवेव्ह यूव्ही दिवा तिरका धरला की ती बाजू दुधाळ चमकते, तेव्हा डोळ्यांवर यूव्ही चष्मा हवाच. मी इमल्शन कायम दुसऱ्या बाजूवर ओतते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनची प्लेट केली तेव्हा ही भानगडच नव्हती, ही तरंगवलेली म्हणजे फ्लोट काच जाहीर झाली १९५९ मध्ये.

गठ्ठा बांधताना काका मध्ये वर्तमानपत्र घालतात, त्याची शाई काचेला लागते, म्हणून जाताना कोरे कागद घेऊन जा.