भाजी-पावासाठी पूल ओलांडावा का? पर्वरीचा नाका की पणजीचा जुना कॅफे

गोव्यात पर्वरीत किंवा बेतीला राहणाऱ्याला सकाळच्या नाश्त्याला दोन वाटा. एक म्हणजे घराजवळच्या नाक्यावरचं हॉटेल: चार टेबलं, एक कढई, फळ्यावर खडूनं लिहिलेल्या पाच-सहा जिनसा. दुसरी मांडवी नदीपलीकडे, पणजीच्या मध्यभागी. कॅफे भोसले, कॅफे रियल ही नावं ठाऊक नसलेला गोंयकार विरळा. दोन्हीकडे खायचं तेच, भाजी-पाव. लोणी घालून कुस्करलेली मुंबईची पावभाजी इथे कोणी मागत नाही. इथे सुकी बटाट्याची, पातळ वाटाण्याची किंवा चण्याची, नाहीतर दोन्ही एका बशीत घालून ‘मिक्स’.

सुकी भाजी कुठेही बरी लागते, तिच्यासाठी पूल ओलांडू नये. फरक पडतो तो पातळ भाजीत. सुके वाटाणे रात्री भिजत घालून किमान आठ तास राहिले पाहिजेत. घाईत कमी भिजवले तर साल मऊ होते आणि आत खडूसारखा कण राहतो. तो लपवायला खाण्याचा सोडा जास्त पडला की वाटाणा विरघळतो, रस्सा बुळबुळीत होतो आणि जिभेला साबणासारखी चव येते. वाटणातलं खोबरं तांबूस होईपर्यंत भाजून धणे-सुक्या मिरचीबरोबर बारीक वाटलेलं हवं. भरड राहिलं की रस्सा फुटतो. बशी जराशी कलती करून पाहा: कडेला पाणी वेगळं धावलं तर वाटण तरी भरड आहे, नाहीतर भाजीत गरम पाणी ओतून ती वाढवली आहे.

ही वाढवण्याची पाळी नाक्यावर लवकर येते. तिथे पहाटे एकच टोप चढतो आणि तोच शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पुरवायचा असतो. साडेसात वाजता जी भाजी दाट असते, ती नऊनंतर आमटीच्या वाटेवर. खप मोठा असलेल्या कॅफेत टोप रिकामा झाला की दुसरा येतो, त्यामुळे दहा वाजताही पहिल्या धारेची भाजी मिळू शकते. म्हणून आठच्या आत बाहेर पडणाऱ्यानं खुशाल नाक्यावर बसावं, आणि उशिरा उठणाऱ्यानं पणजी गाठावी. बाकीच्या गोष्टी यानंतर येतात.

पावाचं गणित उलटं आहे. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून सकाळी वाड्यावाड्यानं फिरतो, त्यामुळे नाक्यावरचा पाव बऱ्याचदा हाताला ऊब लागेल इतका ताजा असतो. तोच पाव प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवला की स्वतःच्याच वाफेनं घामेजतो आणि चामट होतो; हा दोष दोन्हीकडे आढळतो. पातळ भाजीला पोई घ्यावी. कोंड्याची, आतून पोकळ असल्यानं रस्सा धरून ठेवते. उंडा हा गोल पाव, त्याचं कवच कडक, तो सुक्या भाजीला बरा. कॅफेत न सांगता मऊ पावच येतो. पोई हवी तर बसतानाच सांगायचं, कारण ती आधी संपते. (इथे कित्येक जण पोईला पोळीच म्हणतात. देशावरचा पाहुणा बरोबर असेल तर त्याला आधी सांगून ठेवा, तो चपातीची वाट बघत राहील.)

तळणीत नाका सरळ जिंकतो. एकच कढई, ती समोर, आणि मिरची तेलातून थेट बशीत. गर्दीच्या कॅफेत घाणे मोठे निघतात आणि काचेच्या कपाटात थांबतात, तिथे बेसनाचं आवरण अर्ध्या तासात मऊ पडतं. तळलेल्या गोड बनच्या बाबतीत मात्र ताजेपणा पुरेसा नाही. पिकलेलं केळं, मैदा, साखर, थोडं दही आणि जिरं घालून मळलेलं पीठ रात्रभर मुरावं लागतं. तेल थंड असलं तर बन तेल पितो. फार तापलेलं असलं तर वरून तांबूस आणि मध्ये चिकट कच्चा. पहिला घास घेण्याआधी बन मधून फाडा: कोरडी जाळी दिसली तर खा, ओल्या पिठाचा धागा निघाला तर परत द्या.

आता जाण्याचं. पर्वरीहून पणजीकडे आठ ते साडेनऊ ही वेळ ऑफिस आणि शाळांची, त्यात उड्डाणपुलाचं काम चालू असेल तर त्याची भर. दुचाकीला मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर प्रवेश नाही, तेव्हा जुन्याच पुलावरून रांगेत. बेतीजवळ राहणाऱ्यानं गाडी घरी ठेवून फेरीबोट धरावी. पणजीच्या धक्क्यावरून मधल्या शहरातले कॅफे चालत गाठता येतात आणि पार्किंग शोधत चार फेऱ्या माराव्या लागत नाहीत. चारचाकीनं जायचंच तर साडेसातच्या आत. रविवारी निघण्यापूर्वी चौकशी करा, बरेच जुने कॅफे त्या दिवशी बंद किंवा अर्धा दिवस असतात.

बसण्याची सोय? पणजीत टेबल अनोळख्याबरोबर वाटून घ्यायचं असतं, आणि चहा संपायच्या आत पुढचं गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं राहतं. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर नाकाच. शुक्रवारी बाजाराला म्हापशाला जाणार असाल तर हा वादच नको, नाश्ता तिथेच करा, पण गर्दी चढण्याआधी. आणि पाहुण्यांना रोस-ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) खायला घालायचं असेल तर ते सकाळी शोधू नका. त्याचे गाडे संध्याकाळी लागतात.

पणजीहून घरच्यांसाठी पार्सल आणायचं असेल तर पातळ भाजीला झाकणाचा स्टीलचा डबा बरोबर न्या. पिशवीतली गरम भाजी पावाच्या पुडक्याला टेकली की पूल संपेपर्यंत खालचे दोन पाव ओले झालेले असतात. पाव पणजीहून आणूच नये, तो आपल्या पोदेराकडचाच घ्यावा.