मिथेनचा विकतचा नकाशा: पावसाळा काढल्यानंतर

हवेतला मिथेन गॅस नकाशावर दाखवणाऱ्या एका डॅशबोर्डची वर्गणी बंद केली. पैसे परत नाहीतच. प्रत्येक मेलला तेच साचेबंद उत्तर, ‘डेटा सॅटेलाइटचा, आमचा नव्हे.’ कंपनीचं नाव घेत नाही.

गोव्यात तेलविहिरी नाहीत. पण पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे आले की कळंगुटपासून काणकोणपर्यंत हे तेल टँकरचं की मुंबई हायचं, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरींचं, हा वाद रंगतो. त्या विहिरींवर मिथेन किती सुटतो ते बघावं, म्हणून हा डॅशबोर्ड घेतला. दिसायला झकास. जुलैत इथे ऊन म्हणून दिसत नव्हतं, तेव्हाही अरबी समुद्रावर मिथेनचा सलग नारिंगी पट्टा!

आता, सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण मिथेन मोजतं ते परावर्तित उन्हावर. ढग आले की मोजणी नाही. समुद्र तर निरभ्र दिवशीही त्या तरंगलांबीत काळाच. सूर्याची चमक नेमक्या कोनात आली तरच आकडा मिळतो. मग हा पट्टा आला कुठून? तीच तारीख कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या उपग्रह-नकाशांच्या साइटवर फुकटात उघडली. कोरी. म्हणजे यांनी कुठले तरी आकडे ओढून भोकं बुजवली आणि वर रंग फासला. खड्ड्यांवर चवथीच्या तोंडावर डांबर ओततात, तसं.

सुरुवातीला त्या फुकटच्या नकाशाचे कोरे चौकोन बघून माझंही डोकं फिरायचं. त्यात मिथेनचा एक चौकोन ५.५ बाय ७ किलोमीटरचा, अख्खं पणजी एकात मावेल. आणि मूळ फाइल हवी तर मुंबई हायपुरती मिळत नाही, उपग्रहाची अख्खी फेरी उतरवा; माझा डेटा पॅक त्यातच संपायचा. पण हल्ली कोरा चौकोन दिसला की बरं वाटतं. निदान थाप तरी मारत नाही.

खरा आनंद मिळाला तो नासाच्या फर्म्समध्ये. वणवे दाखवणारी साइट, पण तिथल्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाला रात्री फ्लेअरची, म्हणजे तेलविहिरीवर नको असलेला गॅस जाळतात त्याची, ज्योतही दिसते, ३७५ मीटरच्या चौकोनात. जुन्या नोंदींच्या सीएसव्ही तक्त्यात ‘टाइप’ रकान्यात ३ असेल तर ती आग समुद्रावरची. मुंबई हायचे ठिपके असे सापडले की मी रात्री दीडपर्यंत जागा. मात्र ज्योत दिसते म्हणजे गॅस जळतोय. ज्योत विझून गॅस तसाच सुटला तर ठिपका गायब, आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक. म्हणून ठिपका नाही हे बघून खूश होऊ नका.

तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात हाच ट्रोपोमी मोठमोठ्या गळत्या पकडतो. कोरडी जमीन, निरभ्र आभाळ. आपल्या नशिबी समुद्र आणि चार महिने ढग.

पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला विचारा, चौकोनामागची क्यूए व्हॅल्यू दिसते का? ती आकडा कितपत भरवशाचा ते सांगते आणि मूळ फाइलमध्ये फुकट असते. मी मागितली तर म्हणाले, प्रीमियम प्लॅन घ्या.