क्लायंट सर्टिफिकेट लावून बरेच महिने झाले: ठेवा, पण सीआरएलची (रद्द यादीची) तारीख बघा

गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमधून फोन आला, "दादा, ड्रॉइंग उघडंना झालंय. चारशे नंबरची एरर दाखवतंय." पाठोपाठ शिरोलीतून, मग उद्यमनगरातून तेच. आमच्या फाउंड्रीचं ड्रॉइंगचं पोर्टल एंजिनएक्स या वेब सर्व्हरवर आहे. ज्याच्या पीसीत आमचं क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, त्यालाच ते उघडतं. पावसाळ्याआधीपासून बिनबोभाट चालू होतं, आणि एका सकाळी सगळ्यांचं बंद.

तपासणीची स्क्रिप्ट आधीच्या कंत्राटदाराची. ती प्रत्येक सर्टिफिकेट ओपनएसएसएल या टूलच्या 'व्हेरिफाय' या तपासणीच्या कमांडला देते. सगळ्यांपुढे 'ओके'. एरर लॉग कोरा! इथे माझं डोकं फिरलं. सर्टिफिकेट का नाकारलं ते एंजिनएक्स 'इन्फो' या साध्या माहितीच्या लेव्हलला लिहितो, आणि आपण काही बदललं नसेल तर लॉग फक्त 'एरर' आणि त्याहून गंभीर नोंदी धरतो. लेव्हल बदलून रीलोड केलं तेव्हा ओळ दिसली: '१२: सीआरएल हॅज एक्स्पायर्ड'.

महिन्यापूर्वी एका शॉपचं काम थांबलं, म्हणून त्याचं सर्टिफिकेट रद्द केलं होतं. तेव्हा रद्द सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, पहिल्यांदा लागली. त्या यादीलाही मुदत असते, ओपनएसएसएलच्या नेहमीच्या कॉन्फिगमध्ये ३० दिवस. मुदत संपली की चांगल्या सर्टिफिकेटवाल्यांनाही दार बंद. व्हेरिफायला सीआरएल तपासायला स्क्रिप्टने सांगितलंच नव्हतं, म्हणून ते 'ओके' म्हणत राहिलं.

त्या दिवशी हे सगळं काढून व्हीपीएन घ्यायचं ठरवत होतो. पण दर माणशी, दर महिन्याला पैसे, तेही फुकटात होणाऱ्या कामाला? जिवावर आलं. मग कळलं की ॲक्सेस लॉगच्या, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या नोंदीच्या, फॉरमॅटमध्ये एसएसएल-क्लायंट-व्हेरिफाय हे व्हेरिएबल टाकलं, तर एंजिनएक्सच्या १.११.७ आवृत्तीपासून नापास होण्याचं कारणही तिथेच छापून येतं. त्यामुळे लॉगबद्दलची माझी निम्मी तक्रार मागे.

आता दर आठवड्याला नवी यादी निघते, ऑफिसच्या पीसीवर. सीएची, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्याची, गुप्त की वेब सर्व्हरवर ठेवायची नाही, यावर मी ठाम आहे. यादी सर्व्हरवर गेली की स्क्रिप्ट कॉन्फिग तपासते, मग रीलोड करते. रीलोड चुकलं तर जुनीच यादी चालू राहते. रूट, म्हणजे मूळ सीए, आणि सर्टिफिकेट यांच्यामध्ये आणखी एक सीए असेल तर त्याची आणि रूटची, दोन्ही याद्या एका फाइलीत लागतात.

एक कटकट उरलीय. ओपनएसएसएल ३ ने बनवलेली पी१२ फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची की एकत्र) काही शॉपमधल्या जुन्या विंडोजवर पासवर्ड बरोबर असूनही इम्पोर्ट होत नाही. त्यांच्यासाठी 'लेगसी', म्हणजे जुन्या एन्क्रिप्शनचा, पर्याय लावून वेगळी फाइल काढून देतो.