चाकांवरून बांधायच्या पट्ट्यांचा संच: दीड वर्ष वापरल्यावर

ट्रेलरवर चढवलेली गाडी चाकांवरून बांधायच्या पट्ट्यांचा हा संच. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५ टन’ छापलंय. पट्ट्यावर शिवलेल्या निळ्या लेबलवर मात्र बारीक अक्षरांत लिहिलंय, एलसी २५०० डेकान्यूटन. एलसी म्हणजे पट्ट्याने किती जोर घ्यायचा ती मर्यादा, आणि एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एका किलोचा भार. दोन्ही खरं आहे. पट्टा सरळ ओढला तर अडीच टन, दुहेरी वेढा घातला तर पाच. चाकावरून टाकलेल्या पट्ट्याला मी अडीचच धरतो. लेबल निळं म्हणजे पट्टा पॉलिएस्टरचा. तो फार ताणत नाही आणि ओला झाला तरी सैल पडत नाही. ज्या पट्ट्याला लेबलच नाही तो कितीही जाड दिसला तरी मी घेत नाही.

माझी गाडी पहिल्या पिढीची लोटस एलिस. चासी ॲल्युमिनियमची, तीही वेल्डिंगऐवजी गोंदाने जोडलेली. वरचं अंग फायबरग्लासचं, इंजिन पाठीमागे. वजन पाऊण टनाच्या आसपास. ट्रॅकवर न्यायची तर ट्रेलरवरूनच नेतो, कारण परत येताना टायर किती उरलेत याचा भरवसा नसतो.

एवढ्या हलक्या गाडीला ताकद फारशी लागतच नाही. युरोपातल्या ईएन १२१९५ मानकात जोरदार ब्रेकचा हिशोब मालाच्या वजनाच्या ०.८ पट धरून करतात, बाजूला आणि मागे ०.५ पट. माझ्या गाडीला तो पुढचा जोर ६०० किलोच्या घरात येतो. कागदावर एक पट्टाही पुरून उरेल. हलकी गाडी सुटते ती पट्टा तुटल्यामुळे नाही, सैल पडल्यामुळे.

हे मी अनुभवाने शिकलो. आधी मागच्या सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) दोन हूक आणि पुढे खालच्या विशबोनभोवती (चाक धरणाऱ्या दांड्याभोवती) मऊ फास, असं बांधायचो. रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचं दातेरी हँडल, कचाकच ओढून गाडी स्प्रिंगवर दाबून बसवली की फार समाधान वाटायचं. पण दाबलेली स्प्रिंग रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात आणखी दबते. तेवढ्या क्षणापुरता पट्टा ढिला होतो आणि हूकला निसटायला तेवढा क्षण पुरतो. एकदा चहासाठी थांबलो तेव्हा मागचा एक हूक ट्रेलरच्या फळीवर नुसताच पडलेला होता आणि गाडी चार बोटं डावीकडे सरकली होती. चहा राहिला बाजूला.

म्हणून हा संच घेतला. चार पट्टे, ५० मिलिमीटर रुंद, प्रत्येकावर तीन रबरी ठोकळे ओवलेले. पट्टा टायरवरून टाकायचा, ठोकळे टायरच्या नक्षीत बसवायचे, एक टोक चाकापुढच्या डी-रिंगमध्ये (ट्रेलरच्या फळीवरच्या डी आकाराच्या कडीत), दुसरं चाकामागच्या रिंगमध्ये, आणि रॅचेटने आवळायचं. चाक फळीला खिळल्यासारखं होतं आणि गाडीचं अंग आपल्या स्प्रिंगवर मोकळं डुलत राहतं. मागच्या आरशात ती डुलताना दिसते. पहिल्या दिवशी दर पाच मिनिटांनी छातीत धस्स होत होतं. आता ती डुलली नाही तरच थांबून बघेन. गाडीखाली लोळण घेऊन हूक कुठे अडकवू हे शोधायचं नाही, हा आणखी एक फायदा. एलिसच्या पोटाखाली हात जेमतेम जातो, माझं पोट मुळीच जात नाही.

आता तक्रारी. पहिली ठोकळ्यांची. संच बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठ्या चाकांच्या गाड्या असणार. माझ्या पुढच्या टायरचं माप १८५/५५ आर १५, म्हणजे व्यास ५८ सेंटीमीटरच्या जरा वर. मी तिन्ही ठोकळे लावून, रॅचेट आवळून, हात झटकून उभा राहिलो, तेवढ्यात ट्रेलरपलीकडून भाची म्हणाली, “मामा, हा तिसरा टायरला टेकलाच नाहीये.” बघतो तर खरंच हवेत. असा ठोकळा धक्क्याने सरकला की तेवढा पट्टा ढिला झालाच. उपाय सोपा निघाला. ठोकळे शिवलेले नाहीत, नुसते ओवलेले आहेत, म्हणून पुढच्या दोन पट्ट्यांवरचा एकेक काढून टाकला. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. मागची चाकं २०५/५० आर १६ आहेत, तिथे तिन्ही कसेबसे बसतात.

दुसरी गोष्ट जागेची. माझ्या ट्रेलरवर डी-रिंग चाकाच्या फार जवळ होत्या. रॅचेट टायरला चिकटून बसायचं आणि हँडल पूर्ण उघडायलाच वाव नसायचा. अर्धवट हँडल मारून ताण येत नाही, बोटं मात्र सोलवटतात. शेवटी रिंग वीतभर लांब हलवून खाली जाड पत्रा देऊन पुन्हा बसवल्या. तुमच्या ट्रेलरवर रिंग आणि टायर यांत हातभर अंतर नसेल तर संच मागवण्याआधी टेप घेऊन बसा. चाक आणि मडगार्ड यांच्यातली फटही बघून घ्या. गाडी फारच खाली बसवलेली असेल तर ठोकळ्यासकट पट्टा आत शिरणार नाही.

रॅचेट स्वतः चांगलं आहे. आधी हाताने सगळी ढील ओढून घ्यायची, मग हँडल मारायचं. रिळावर किमान दीड वेढा हवा, तीनच्या वर नको. मी सुरुवातीला ढील न ओढताच हँडल मारत सुटलो आणि पट्टा रिळात असा ठासून बसला की सोडवताना स्क्रूड्रायव्हर आणि शिव्या दोन्ही लागल्या. हँडलला पाइप लावून जोर काढायचा मोह टाळा. हाताच्या जोराने येतो तेवढा ताण चाकाला भरपूर आहे.

उरलेलं शेपूट गुंडाळून ठेवायला दिलेली वेल्क्रोची पट्टी मात्र टाकाऊ. पहिल्याच प्रवासात सुटली, शेपूट वाऱ्यावर फडफडत दाराखालच्या फायबरवर आपटत राहिलं आणि तळहाताएवढा रंग निस्तेज झाला. त्याचं बिल कुणाला पाठवू? आता शेपूट पट्ट्यालाच दोनदा गाठवून टाकतो. गाठ फक्त शेपटाला. ताण घेणाऱ्या भागात गाठ पडली की पट्ट्याची ताकद गेलीच समजा.

पट्टे कितीही चांगले असले तरी गाडी ट्रेलरवर कुठे उभी आहे हे ते बघत नाहीत. इंजिन मागे असल्याने एलिस सवयीच्या जागी उभी केली तर ट्रेलरची शेपटी जड होते, आणि शेपटीजड ट्रेलर वेगात झुलायला लागला की आवरत नाही. मी ट्रेलरच्या तोंडाखाली घरातला वजनकाटा ठेवून गाडी इंचाइंचाने पुढे घेतली आणि वजन हवं तेवढं भरल्यावर पुढच्या चाकांच्या जागी फळीवर पिवळा रंग मारला. आता तिथे चाक टेकलं की गियर टाकायचा, ठोकळे लावायचे आणि बांधायला घ्यायचं.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून चारही पट्टे हाताने दाबून बघतो. या संचात पहिल्या थांब्यावर प्रत्येकी एखादी खटकी घ्यावी लागते, पुढे नाही. दीड वर्षात डावीकडच्या मागच्या पट्ट्याची कड रिंगशी घासून विसविशीत झाली आहे. तो एकटा बदलायचा म्हटलं तर सुटा मिळत नाही, चारांचा संचच घ्या म्हणतात. पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो त्या वेल्क्रोचा.